लाल धाग्याची पट्टी

भिलाईत रुआबांध्याला तिसऱ्या मजल्यावर गौरवचा फ्लॅट आहे. फ्लॅट आपलं म्हणायला. दोन खोल्या, एक ओटा आणि एक माणूस उभा राहिला की भरून जाणारी बाल्कनी. पण तो बघायला माणसं येतात बरं का! गौरवची बायको भाग्यश्री, तिच्या मैत्रिणी येतात, सोसायटीतल्या बाया येतात. एकदा तर दुर्गहून कुणी मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढायला आली होती. भिंती फिक्या, खिडकीसमोर हा मोठा आरसा, त्यामुळे हॉल आहे त्याच्या दुप्पट दिसतो. बसायच्या बाकाच्या पोटात परीची खेळणी आणि घरभराच्या चपला. जेवणाचं टेबल भिंतीला मिटून ठेवता येतं. उशांचे अभ्रे सासूच्या जुन्या कोसा रेशमी साडीचे. हे सगळं दाखवून झालं की शेवटी भाग्यश्री वेताच्या जाळीच्या एका भिंतीपाशी जाते, खिट्टी सरकवते, आणि त्या भिंतीतून अख्खा सागवानी पलंग अलगद खाली उतरतो. बाया तोंडात बोट घालतात. "वाह भाभी, क्या दिमाग लगाया है!"

त्याच भिंतीपाशी, जमिनीवर, सतरंजी टाकून एक म्हातारा माणूस रोज झोपतो, हे मात्र कुणी विचारत नाही. एवढा पलंग असताना जमिनीवर का, म्हणून तरी विचारावं की नाही? पण नाही विचारत. लोकांना खिट्टी बघायची असते.

तो म्हातारा म्हणजे कृष्णराव, गौरवचे वडील. मूळचे तुमसरकडचे, घरी धानाची शेती. विशीत भिलाईला आले आणि पोलाद कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले ते साठ पूर्ण होऊनच बाहेर पडले. हाताला असा गुण, की त्यांनी जोडलेल्या दोन फळ्यांमधली फट नखाला लागायची नाही. स्वभाव मात्र लाकडापेक्षा कडक. त्यांचा मित्र रामाजी, तोही त्याच शॉपमधला, तोंडावर म्हणायचा, "सुंभ जळन, पण या माणसाचा पीळ नाही जाणार." कृष्णरावांना ते कौतुकच वाटायचं.

आता पॅटर्न शॉपची एक भानगड समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया. कारखान्यात यंत्राचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करतात. नमुन्यावरून वाळूत साचा पाडतात आणि साच्यात वितळलेलं पोलाद ओततात. पण पोलाद निवताना आक्रसतं. म्हणून नमुना आधीच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? त्यापेक्षा पट्टीच वेगळी ठेवतात. दिसायला तुमच्या-आमच्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा पाव इंच मोठा असतो. त्या पट्टीनं मोजलं की आक्रसायची जागा आपोआप सुटते.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी कृष्णराव ही पट्टी पिशवीत टाकून क्वार्टरवर घेऊन आले आणि स्वयंपाकघरातल्या कोनाड्यासाठी मसाल्याच्या डब्यांची फळी केली. फळी बसेना. अर्धा इंच मोठी! त्यांची बायको वच्छलाबाई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या. पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या, की शेजारची बाई डोकावून गेली. "अजी, हा कोनाडा काही निवून लहान होनार नाही," त्या म्हणाल्या, "तुमची ते कारखान्याची पट्टी माह्या घरात चालाची नाही." आणि घरच्या पट्टीच्या भोकात त्यांनी लाल धागा ओवून गाठ मारली. लाल धाग्याची घरची, बिनधाग्याची कारखान्याची. दर दिवाळीला जुना धागा काढून नवा बांधायच्या. कृष्णराव गुडघ्यावर बसून, कानात पेन्सिल खोचून नुसते म्हणायचे, "पट्टी दे वं," आणि हातात लाल धाग्याची पट्टी यायची. चौतीस वर्षं आली. मागे वळून बघायची कधी गरजच पडली नाही.

ज्या वर्षी कृष्णराव निवृत्त झाले त्याच वर्षी वच्छलाबाईंच्या पोटात आजार निघाला. निघाला तोच मोठा होऊन. सात-आठ महिने दवाखाना झाला. जायचं, यायचं, परत भरती व्हायचं. दिवाळीही वॉर्डातच गेली, पट्टीचा धागा कोण बदलणार? मग एक दिवस डॉक्टर गौरवला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, आता घरी न्या, त्यांना जे आवडतं ते खायला द्या. एवढं ऐकून न समजायला गौरव काही लहान नव्हता. कृष्णरावही नव्हते.

पण घरी म्हणजे कुठं? क्वार्टर कारखान्याचं. निवृत्तीनंतर राहायची मिळालेली मुदत महिनाअखेर संपत होती. गावाकडे न्यावं तर तिथं औषध-पाणी कुठलं? राहिला गौरवचा फ्लॅट. गौरव, भाग्यश्री आणि पाच वर्षांची परी, तिघांनाच तो अंगाला घट्ट. वच्छलाबाईंना मात्र तिथंच जायचं होतं. "मले पोरीच्या आवाजात झोपाचं आहे," त्या म्हणायच्या. पोरगी म्हणजे परी. "इथं रातदिवस त्या मशिनी टुकटुक करून राहिल्या. मले घरी घेऊन चला."

जागेची तोड भाग्यश्रीनं काढली. तिचं माहेर दुर्गच्या रेल्वे कॉलनीतलं, सहा माणसं दोन खोल्यांत वाढलेली, त्यामुळे जागा कशी चोरावी हे तिला उपजतच ठाऊक. तिनं हॉलमधल्या खांबापासून बाल्कनीच्या दारापर्यंतच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "बाबा, इथं भिंतीत मिटनारा पलंग होऊ शकते. दिवसा भिंत, झोपाच्या टायमाले पलंग. आई इथून खिडकी पाहतील, परीले पाहतील, टीव्ही पाहतील. बाहेरून मी वेताची जाळी लावते, एकदम मस्त दिसन."

कृष्णरावांच्या अंगात वीस वर्षांचा माणूस शिरला. लाकूड कोणतं, तर वच्छलाबाईंचा लग्नातला सागवानी पलंग. त्यांच्या वडिलांनी दिलेला, रेल्वेनं तुमसरहून दुर्गपर्यंत आलेला. तो त्यांनी क्वार्टरच्या अंगणात पेरूखाली खोलला. गौरवनं फ्लॅटमधून टेपनं माप घेऊन कळवलं, सहा फूट चार इंच. कृष्णरावांनी अर्धा इंच हालचालीसाठी सोडला. तिकडे भाग्यश्री घरात खोकी भरत होती. क्वार्टर रिकामं करायचं तर सगळं घासूनपुसून न्यावं, ही तिची शिस्त. अवजारंसुद्धा तिनं तेलानं पुसून चकचकीत केली होती.

"पट्टी दे वं," कृष्णराव अंगणातून म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण तो काढायला सवड कुणाला होती? मागून भाग्यश्रीनं हातात पट्टी दिली. त्यांनी पेन्सिलनं खूण केली.

पंधरा दिवस माणूस जेवायला उठायचा तेवढाच. सांधे असे बसवले, सरस असा भरला, की पुन्हा उघडायची बात नको. परीनं आजोबांना विचारलं, एवढं घासून का राहिले? तर म्हणाले, "तुह्या आजीची साडी अडकली नाही पायजे कुठी."

सोमवारी क्वार्टरची किल्ली द्यायची होती आणि मंगळवारी वच्छलाबाईंना दवाखान्यातून आणायचं ठरलं होतं. सोमवारी दुपारी रामाजी आणि गौरवनं पलंग तीन मजले चढवला. कृष्णराव पुढे, दारं उघडत. भाग्यश्रीनं ओवाळायचं ताट तयार ठेवलं होतं, परी टाळ्या वाजवत होती. पलंग भिंतीशी नेला. एक टोक खांबाला टेकलं. दुसरं दारात आलं.

"तिरपा असन," रामाजी म्हणाला.

तिरपा नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा काढला. भिंत टेपनं मोजली, सहा फूट चार इंच. पलंग मोजला, सहा फूट पाच आणि वर थोडा. जेवढा करायला घेतला होता त्याहून दीड इंच जास्त.

दीड इंच! कृष्णरावांनी ओठ हलवून हिशेब केला. फुटाला पाव इंच, सहा फुटांना दीड. पॅटर्न शॉपमधल्या माणसाला तेवढं पुरे. ते खोक्यापाशी गेले, दोन्ही पट्ट्या काढल्या आणि खिडकीपाशी नेऊन डोळ्यांजवळ धरल्या. दोन्ही सारख्या चमकत होत्या. धागा कुठंच नव्हता.

"काय पाहून राहिले, बाबा?" भाग्यश्री म्हणाली. "मीच घासल्या त्या. एकीले मळका धागा होता, तेलकट, तो काढून फेकला."

रामाजीनं तोंड उघडलं. कृष्णरावांनी त्याच्याकडे असं बघितलं की ते तसंच मिटलं. "काही नाही बेटा," ते म्हणाले, "माहेच डोळे गेले." भाग्यश्रीला ते आजही माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. पोरीचा काय दोष? धागा सासूनं बांधलेला, त्याचा अर्थ नवराबायकोला आणि फार तर रामाजीला ठाऊक.

आता इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं रडणं तिच्यावर आहे. भाग्यश्री लगेच म्हणाली, "बाबा, इसमें क्या है? आईले उद्या आणून घेऊ. आमची बेडरूम त्याइले देऊ, आमी तिघं हॉलमधी खाली झोपतो. पलंग होईन तवा होईन." मनापासून म्हणाली हो! गौरवही म्हणाला. रामाजी तर हात जोडून म्हणाला, "ऐक ना बा, कृष्णा. पलंगाचं काय घेऊन बसला?"

आणि कृष्णराव म्हणाले, "नाही. पोरांले जमिनीवर झोपवून वच्छला पलंगावर झोपणार नाही, आणि तिले मी जमिनीवर झोपू देणार नाही. तिच्या पलंगावरच ते या घरात येईन. चार दिवस थांबा फक्त."

काय म्हणावं या माणसाला! पीळ, दुसरं काय.

मंगळवारी ते दवाखान्यात गेले. वच्छलाबाई वेणी घालून, पिशवी भरून, खाटेवर बसून होत्या. आयाबाईकडून कुंकूही लावून घेतलं होतं.

"चला," त्या म्हणाल्या.

कृष्णराव स्टुलावर बसले. "पलंग नाही बसला."

"कावून?"

"दीड इंच मोठा झाला."

 वच्छलाबाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "कोणत्या पट्टीनं मोजला?"

 आणि त्या हसायला लागल्या. आवाज नव्हता, तेवढा दम कुठं होता? पण खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पदर तोंडात होता, त्या कोनाड्याच्या वेळेसारखाच. कृष्णरावही हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा दोघं हसत होते.

"आन माहा धागा?" हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

"तुटला."

"तुटला का कोणी तोडला?"

"तुटला म्हणतो नं."

"बरं," वच्छलाबाई म्हणाल्या. नवऱ्याला त्या चौतीस वर्षं ओळखत होत्या. "तुटला तर तुटला. सुनेले बोलू नका." मग हात वर केला तर बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. "पाहा, तुमचा पलंग मोठा आन मी निवून लहान झाली. मले एवढी जागा काय कराची आहे? खाली सतरंजी टाका, मी झोपीन. आजच घेऊन चला नं जी."

"माह्या बायकोले मी जमिनीवर झोपवू?"

"माह्या बापाच्या घरी मी जमिनीवरच झोपत होती."

"चार दिवस, वच्छला. शुक्रवारी नेतो. तुह्याच लाकडाचा आहे तो."

त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतला कंगवा काढून पुन्हा कपाटात ठेवला. एवढंच म्हणाल्या, "मग येत जा मात्र." कृष्णरावांनी डॉक्टरांना विनंती करून शुक्रवारपर्यंतची परवानगी घेतली. आपलं काम झालं याचं त्यांना बरंही वाटलं. बरं वाटलं! आज ते आठवलं की माणूस उठून बाल्कनीत जातो.

बुधवारी ते गेले नाहीत. सोसायटीच्या गच्चीवर पलंग नेऊन सांधे उघडत होते. सरस इतका पक्का धरलेला, की स्वतःच्याच हाताला शिव्या देत होते. गुरुवारीही गेले नाहीत. रामाजी दोनदा म्हणाला, "एक चक्कर मारून ये, मी पाहतो इकडलं." तर म्हणे, "शुक्रवारी गाडी करूनच जातो, तिले घेऊनच येतो." तिकडे गौरव बसला होता. आई दर तासानं विचारायची, बाबा आले का? गौरव सांगायचा, बाबा पलंग करून राहिले. "हाव," त्या म्हणायच्या, "करू दे. त्याइले काम अर्धं ठेवता येत नाही."

शुक्रवारी सकाळी ऊन गच्चीवर आलं तेव्हा चौकटीची लांब लाकडं कापायची होती. चार लाकडं, प्रत्येकाचं दीड इंच. पट्टी या वेळी घरचीच, कारण आता रामाजीनं कुठून तरी सुतळी आणून तिला बांधली होती. पहिला तुकडा पडला तो कृष्णरावांनी सवयीनं उचलून सदऱ्याच्या खिशात टाकला. पॅटर्न शॉपमध्ये सागाचा तुकडा कुणी फेकत नाही. दुसरा टाकला. तिसरा टाकला. चौथं लाकूड अर्धं कापलं असताना भाग्यश्री पायऱ्या चढून वर आली. चपला नव्हत्या पायात. दारात उभी राहिली, आणि मग "बाबा" म्हणून खालीच बसली.

कृष्णरावांनी तो काप पूर्ण केला. लोक म्हणतील, काय दगड माणूस. पण करवत अर्ध्यावर सोडून उठायला त्यांना येतच नव्हतं, आणि उठलं की जे ऐकायचं होतं ते ऐकावं लागणार होतं. चौथा तुकडा खिशात टाकला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते म्हणाले, "आजच आणणार होतो बेटा तिले. आजच."

वच्छलाबाई घरी आल्याच नाहीत. क्वार्टरची किल्ली गेलेली आणि तीन मजल्यांचा जिना अरुंद, त्यामुळे तिरडी सोसायटीच्या खालीच बांधली. परीला वरून बाल्कनीतून आजी दाखवली.

मुक्तिधामात गौरवनं अग्नी द्यायच्या आधी एकेक जण येऊन लाकूड ठेवत होता. कृष्णराव शेवटी आले. खिशात हात घातला आणि ते चार तुकडे काढले. दीड-दीड इंचाचे, एका बाजूनं अजून तिच्या बापाच्या घरचं जुनं पॉलिश, दुसऱ्या बाजूनं सकाळचा ताजा काप. एकेक करून ते तिच्या उशाशी लावले, कडा कडेला जुळवून, सरळ. रामाजीनं तोंड फिरवलं. तिचा पलंग तिला तेवढाच मिळाला.

तेराव्यानंतर कृष्णरावांनी चौकट जोडली. भाग्यश्री नको म्हणत होती, पण काम अर्धं राहू द्यायचं नाही. पलंग भिंतीत अलगद बसला, आणि सांध्यांची फट नखाला लागत नव्हती. वरातीमागून घोडं, पण घोडं अस्सल! वेताची जाळी लागली, लोक बघायला येऊ लागले, वाहवा होऊ लागली. पाहुणे गेले की भाग्यश्री पलंग तसाच उघडा ठेवते, स्वच्छ चादर घालते. आणि जेवणं झाली की कृष्णराव खिट्टी लावून तो भिंतीत मिटवतात आणि खाली सतरंजी पसरतात.

भाग्यश्रीनं बरेच महिने काही विचारलं नाही. एका संध्याकाळी राहवलं नाही. परी आजोबांच्या कुशीत लोळत होती.

"बाबा, रोज जमिनीवर कावून झोपता? आमाले पाहवत नाही. लोक काय म्हणतीन? पलंग आहे नं."

कृष्णरावांनी परीला थोडं बाजूला सरकवलं. पाय लांब केले, ते मावले. या कुशीवरून त्या कुशीवर झाले, तरी भिंतीला लागले नाहीत. मग हातानं शेजारची मोकळी सतरंजी हळूहळू चापटली, कुणाला बसायला सांगावं तशी.

"पाह्य बेटा," ते म्हणाले, "मी झोपलो, परी झोपली, तरी एक माणूस आरामात झोपन. जागा होती व. तिनं मागतली तेवढी जागा तर होती."